दोनशे चौदावा फॉर्म

आमच्या कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं आणि तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. वाचताना ती प्रत्येक ओळीखाली लाकडी पट्टी धरायची. ओळ संपली की पट्टी खाली, मग पुढची ओळ. मी तिच्यासमोर अकरा वर्षं बसले. माझं वाचन उडत उडत आणि तोंड मात्र सतत चालू, तिचं नेमकं उलट. आम्हाला एका टेबलाशी ज्याने बसवलं त्याला माणसांची फार पारख असावी, नाहीतर अजिबात नसावी.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. एका मोठ्या इस्पितळाच्या मागे संशोधनाची दुमजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही. डॉक्टर मंडळी प्रश्न काढतात, लोक फॉर्म भरून पाठवतात. जिथे नुसतं हो किंवा नाही असतं तिथे आमची गरज नसते. पण जिथे 'तुमच्या शब्दांत लिहा' म्हटलेलं असतं तिथे लोक मन मोकळं करतात, कधी चार ओळी, कधी दोन पानं. ते सगळं वाचून समासात एक आकडा लिहायचा. पाठ सकाळी दुखत असेल तर एक, संध्याकाळी दुखत असेल तर दोन, आणि माणूस पाठ सोडून सासूबद्दलच लिहीत बसला असेल तर नऊ, म्हणजे सांगता येत नाही.

प्रत्येक फॉर्म आम्ही दोघी वेगवेगळा वाचायचो. मधे पुठ्ठ्याचा आडोसा. फॉर्ममध्ये काय आहे याबद्दल एकमेकींशी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. गुरुवारी दुपारी आडोसा काढायचा आणि मिळवणी करायची. ज्या फॉर्मवर दोघींचे आकडे जुळले नसतील तेवढे मोठ्याने वाचायचे, भांडायचं आणि एका आकड्यावर यायचं. आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्या माझ्यासारखीला गुरुवार म्हणजे माहेरपण.

फूटपट्टीला भीती नावाची गोष्ट ठाऊक नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. एकदा तळमजल्यावर वायर जळली आणि जिन्यात धूर भरला. आम्ही सगळे धावलो, मी तर एकाच पायात चप्पल घालून. ही बाई फॉर्मचं कपाट बंद करून, किल्ली पर्समध्ये टाकून, पायऱ्या मोजल्यासारखी खाली आली आणि मला म्हणाली, "तुझी दुसरी चप्पल वरच राहिली. आणू का?" आमच्याकडे येण्याआधी ती नऊ वर्षं टपाल कचेरीत होती, वाचता न येणारे पत्ते लावायला. नवरा दूरच्या शहरात पुलांच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा घरी येणारा. घरात ती आणि तिचं पंधरा वर्षांचं लेकरू. लेकराबद्दल ती ताकास तूर लागू द्यायची नाही. मला मूलबाळ नाही, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याविषयी माझी मतं फार पक्की आहेत, आणि ती मी तिला न विचारता सांगत असे.

गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी नवं काम आणलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण हुद्दा मोठा. विषय असा होता की काही मुलं वयात येताना म्हणू लागतात, हे शरीर माझं नाही. मुलगी म्हणते मी मुलगा आहे, मुलगा म्हणतो मी मुलगी आहे, आणि त्या घालमेलीत ती मुलं पार पोळून निघतात. बरेच आईबाप सांगत की आमच्याकडे आधी याचा मागमूस नव्हता, हे वयात आल्यावरच सुरू झालं. ते खरंच तेव्हा सुरू होतं की आईबापांना तेव्हा दिसतं, आणि ज्यांचं तेव्हा सुरू होतं त्यांना मदत वेगळी लागते का, हे बाईंना शोधायचं होतं. फॉर्म आईबापांनी भरायचे, नाव न घालता. नववा प्रश्न कळीचा होता: तुम्हाला हे केव्हा आणि कसं कळलं? लहानपणापासून खुणा असतील तर आम्ही एक लिहायचा, वयात येताना हळूहळू कळलं असेल तर दोन, अचानक असेल तर तीन.

फॉर्म येऊ लागले आणि बाहेर बोंब उठली. आमच्याच इस्पितळात अशा मुलांना तपासणारा एक तरुण डॉक्टर होता. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं: अभ्यास मुलांचा आणि मुलांना एकही प्रश्न नाही? फॉर्म वाटले तेही धास्तावलेल्या पालकांच्या गटांत, मग उत्तरं धास्तीचीच येणार. उद्या याच आकड्यांवर बोट ठेवून कोणी माझा दवाखाना बंद केला तर ही मुलं जातील कुठे? बाईंनी उलट पत्र लिहिलं: आईबाप सगळं सांगत नसतील, पण सांगतात ते केराच्या टोपलीत टाकता येत नाही. सगळ्या मुलांना एकच उपाय लागू पडतो असं न तपासता धरून चालणं हा मुलांच्याच जिवाशी खेळ आहे. मला दोघांचंही पटलं, आणि त्याचाच मला राग आला. मग दोघांच्या मागे त्यांची त्यांची माणसं उभी राहिली, आणि ती या दोघांपेक्षा फार मोठ्याने बोलत होती. फाटकावर फलक आले. एका सकाळी आवारातल्या गाडीच्या काचेवर कोणीतरी 'मुलांचे वैरी' असं रंगवून ठेवलं. गाडी निघाली पंखे दुरुस्त करायला आलेल्या माणसाची.

शेवटी इस्पितळाने समिती नेमली. अभ्यास चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर खुली सुनावणी होणार होती.

त्या दिवसांत फूटपट्टी आणखी गप्प झाली. डबा उघडायची, पाहायची, बंद करायची. मी विचारलं, "तब्येत बरी नाही का गं?" ती म्हणाली, "झोप लागत नाही." मी तिला झोपेवरचे तीन उपाय सांगितले आणि माझ्या कामाला लागले. असं माझं लक्ष असतं माणसांकडे.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यातला गुरुवार. आडोसा काढला. एकतीस फॉर्मांपैकी एकोणतीस जुळले होते. एकाचा निकाल लगेच लागला. उरला दोनशे चौदा. मी एक लिहिला होता, तिने तीन. आमच्यात एक आणि तीन असा फरक अकरा वर्षांत चारपाच वेळा पडला असेल. मी खुशीत येऊन फॉर्म पुढे ओढला आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने वाचलं.

'एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. स्वतःची वेणी मुळापासून कापून तिने बुटाच्या खोक्यात ठेवली होती. खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे तुझ्याजवळ ठेव, हे माझं नाही. त्याआधी काहीही नव्हतं. एका दिवसात सगळं बदललं. नव्या मैत्रिणी आणि फोन यांतूनच आलं असणार. मी खोकं कपाटात ठेवलं. तिला काही बोलले नाही. मला रोज भीती वाटते.'

"अचानकच आहे की," फूटपट्टी म्हणाली. "तिनेच लिहिलंय, आधी काही नव्हतं."

"आणि चौथ्या प्रश्नात काय लिहिलंय? लहानपणचे खेळ." मी पान उलटलं. "सात वर्षांची असताना वर्षभर एका मुलाचं नाव घेतलं होतं, त्याच नावाने हाक मारली तर ओ द्यायची. आम्ही हसण्यावारी नेलं. हे काय मग?"

"खेळ आहे तो. सात वर्षांची मुलं वर्षभर वाघ पण होतात."

"वाघ झालेलं पोर पंधराव्या वर्षी वेणी कापून आईच्या हातात देत नाही. या बाईला सगळं दिसत होतं, तिला बघायचं नव्हतं. आणि वर हे बघ, 'मी खोकं कपाटात ठेवलं, तिला काही बोलले नाही.' पोराने एवढं काळीज काढून हातात दिलं आणि ही कपाट आवरतेय. असल्या आयांना फॉर्म कशाला देतात? एक कानाखाली द्यायला हवी."

तिची पट्टी ओळीवर तशीच राहिली. "तिला बोलता आलं नाही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तिला वाटलं, तोंड उघडलं तर किंकाळीच बाहेर पडेल. म्हणून नाही उघडलं." तिचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. "अचानक आलं असेल तर अचानक जाईलही, असं वाटलं. म्हणून अचानक लिहिलं."

मला तरीही क्षणभर कळलं नाही. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्याबद्दल लोक म्हणतातच, पण त्या दुपारी मला ती जीभ खरोखर कापून टाकावीशी वाटली.

मग तिने सगळं सांगितलं, पट्टी धरून वाचल्यासारखं. ज्या पालकांच्या गटात ती होती तिथे फॉर्मची लिंक आली. नाव घालायचं नव्हतं. एका दुपारी, लेकरू शाळेत असताना, तिने तो भरला. असले फॉर्म आपल्याच टेबलावर येतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शेकडो येतात, त्यांत आपला एक, आणि कोणाजवळ तरी बोलायचं होतं. मंगळवारी तो तिच्यासमोर आला. ओळखीच्या माणसाचा फॉर्म आला तर तो न वाचता बाजूला काढून मोठ्या बाईंना सांगायचं, असा नियम आहे. हा नियम तिनेच लिहून भिंतीला लावला होता.

"मी पट्टी धरली आणि तीन लिहिला," ती म्हणाली. "हात जरासुद्धा थरथरला नाही. त्याचीच भीती वाटते गं."

"कशाची भीती वाटते तुला, नीट सांग."

"त्या डॉक्टरच्या दवाखान्यात नाव घातलंय. चार महिन्यांनी नंबर आहे. पोर दिवस मोजतंय. दवाखाना बंद झाला आणि त्यात माझा आकडा असला, तर ते मला जन्मात माफ करणार नाही. आणि नाही बंद झाला, घाईत काही झालं, आणि वीस वर्षांनी ते म्हणालं, आई, तू मला थांबवलं का नाहीस? मग? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना. मी रोज दोन्हीत पडते."

नवऱ्याला सांगितलं होतं. तो फोनवर म्हणाला, वय आहे, जाईल. पुलाचे खांब कुठे खचतील ते त्याला बरोबर कळतं म्हणे.

मी तिला धीर दिला. म्हणजे जे सुचलं ते बोलले: फॉर्म परत घेता येतो, सकाळी बाईंना सांगू, त्या काढून टाकतील, पोराला कळायचंही कारण नाही. तिने मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं. बाकी नोकरी गेली तरी चालेल, पण ते उत्तर लेकराच्या नजरेला पडता कामा नये, एवढं एकच ती घोकत होती.

शुक्रवारी सकाळी बाई दुसऱ्या इस्पितळात होत्या. त्या आल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांच्या खोलीत खुर्च्यांवरही कागदांचे गठ्ठे असतात, म्हणून आम्ही उभ्याच राहिलो. फूटपट्टीने चार वाक्यांत सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "नंबर कितवा?"

"दोनशे चौदा."

बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला. "सुनावणीसाठी नमुन्याची चार उत्तरं छापली आहेत," त्या म्हणाल्या. "नावं नाहीत, गाव नाही. हे त्यातलं दुसरं आहे. काल समितीकडे गेलं. आज दहा वाजता सगळ्यांसाठी नेटवर टाकलं."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"मी आत्ता काढायला सांगते," बाई म्हणाल्या. "आणि समितीलाही सांगावं लागेल, की आकडे लावणारीनेच स्वतःचा फॉर्म वाचला. ते म्हणतील, मडकंच कच्चं आहे. म्हणू देत." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या खोक्याने मला फार त्रास दिला. म्हणून निवडलं मी ते. तुम्ही आधी घरी जा."

पुढे ती सुनावणी झाली. समितीने अभ्यास थांबवला नाही, पण मुलांनाही विचारा म्हणून सगळा नव्याने आखायला लावला, आणि दोन्ही बाजूंना आपण हरलो असं वाटलं. आम्हा दोघींची पाठदुखीवर बदली झाली. पण हे नंतरचं. त्या शुक्रवारी आमच्यापैकी कोणालाच सुनावणीची आठवण नव्हती.

जिन्यातच तिने फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तर बंद. तिने शाळेत फोन केला. तिथल्या बाईंनी वही पाहून सांगितलं की डोकं दुखतं म्हणून तुमची मुलगी साडेदहालाच घरी गेली. फूटपट्टीने "बरं" म्हटलं, फोन पर्समध्ये ठेवला, आणि मग तिला पर्सची चेन लावता येईना. मी लावून दिली. त्या मुलांचा आपसांतला गट असतो, या विषयावर कुठे काही छापून आलं की पाच मिनिटांत सगळ्यांनी वाचलेलं असतं, हे तिनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मी विचारलं नाही, सरळ तिच्याबरोबर निघाले. बसने चार थांबे. दुसऱ्या थांब्यानंतर रस्ता खोदलेला होता आणि बस मुंगीच्या पावलाने चालली होती. उतरून चालत जावं असं मला वाटे, मग बस हले, मग पुन्हा थांबे. फूटपट्टी खिडकीबाहेर पाहत होती. मधेच म्हणाली, "गच्चीच्या दाराला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे असते." मी काही विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तो बाराला जेवायला जातो, तेव्हा किल्ली टेबलावरच ठेवतो." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. त्या बसमध्ये आमच्यामागे त्याचं अख्खं खानदान लागलं होतं. मला तिचा हात धरायचा होता. अकरा वर्षांत कधी धरला नव्हता, त्यामुळे कसा धरावा ते कळेना.

वॉचमनची खुर्ची रिकामी होती. किल्ली टेबलावर होती. ती पाहून फूटपट्टी म्हणाली, "आहे," आणि जिना चढू लागली. तिसरा मजला. माझं वजन आणि वय दोन्ही जिन्याच्या विरोधात आहेत, तरी मी तिच्या मागे एका पायरीवर होते.

तिने घराच्या कुलपात आपली किल्ली फिरवली. दार उघडेना. आतून कडी होती.

तिने बेल वाजवली. मग दारावर बोटाने टकटक केलं, हळू, पाहुणी आल्यासारखं. "बाळा, मी आहे." आत काही नाही. तिने कान दाराला लावला. मीही लावला. आत कुठेतरी नळ चालू होता. आम्ही ऐकत राहिलो. मग तो आवाज बंद झाला आणि नंतर काहीच ऐकू येईना. पाऊल नाही, खुर्ची नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझी पाचावर धारण बसली होती, आणि पोर माझं नव्हतं.

आणि फूटपट्टी ओरडली. धुराने भरलेल्या जिन्यातून मोजून पावलं टाकत आलेली ती बाई, दोन्ही मुठींनी दार बडवत, अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. ती नाव घेत होती. शाळेतलं नाव घेतलं, घरातलं घेतलं, आणि मग तिसरंच एक घेतलं, एका मुलाचं.

कडी निघाली. दारात लेकरू उभं होतं. शाळेचे कपडे, आखूड केस, ओला चेहरा, हातात टॉवेल.

"ओरडतेस काय?" ते म्हणालं. "तोंड धूत होतो."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. लेकरू आईकडे पाहतच राहिलं, जणू दारात कोणी परकी बाई आली असावी. "तू ओरडलीस?" त्याने पुन्हा विचारलं.

आत गेलो. स्वयंपाकघर लहान आणि लख्ख. टेबलावर कॉम्प्युटर उघडा होता आणि पडद्यावर ते दुसरं उत्तर होतं, म्हणजे बाईंना अजून ते काढता आलं नव्हतं. फोन बाजूला चार्जिंगला लावलेला. फूटपट्टीने मला पाणी दिलं, स्वतः प्यायली नाही, बसलीही नाही.

"वर्गात एकीने मोठ्याने वाचलं," लेकरू म्हणालं. ते बोलताना आईकडे पाहत नव्हतं. "तास सुरू व्हायच्या आधी. सगळे त्या आईला हसले. मी पण हसलो. मग खोकं आलं."

त्या आईला नावं ठेवणाऱ्यांत मीही होते, हे त्या टेबलाशी फक्त दोघींना माहीत होतं. मी पाण्याच्या पेल्यात पाहिलं.

"काढायला सांगितलंय ते," फूटपट्टी म्हणाली.

"काढून काय होणार? वाचलं ना सगळ्यांनी." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "'त्याआधी काहीही नव्हतं.' हे खोटं आहे."

"हो. सात वर्षांचा असतानाचं तुझं ते नाव मला आठवतं. चौथ्या प्रश्नात लिहिलंय मी ते. इथे लिहायचं धाडस झालं नाही."

"मगाशी दारात घेतलंस तेच."

"तेच."

"'मैत्रिणी आणि फोन.' हे पण खोटं आहे."

हो म्हण, मला वाटलं. हो म्हणून टाक आणि मोकळी हो. फूटपट्टीने पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. "ते मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "खोटं असेल. मला खरंच माहीत नाही."

मला टेबलाखालून तिला लाथ घालावीशी वाटली. लेकराचे ओठ घट्ट मिटले. आता हे उठून जाणार आणि पुन्हा कुठल्यातरी दाराला आतून कडी घालणार, असं मला वाटलं, आणि बसमधली ती भीती पुन्हा जशीच्या तशी अंगावर आली. पण ते उठलं नाही.

"आणि शेवटचं वाक्य?" त्याने विचारलं. "'मला रोज भीती वाटते.' ते?"

"ते खरं आहे."

"रोज?"

"रोज. सकाळी उठल्यापासून."

"मग मला कधी दिसली नाही ती."

"तुला दिसू नये म्हणूनच तर..."

"लोकांना सांगितलंस," लेकरू म्हणालं. आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "ज्यांना ओळखत नाहीस त्यांना सांगितलंस. मी खोकं दिलं तेव्हा तू ते नुसतं कपाटात ठेवलंस, आणि विचारलंस, जेवायला वाढू का. मला वाटलं तुला काहीच वाटलं नाही. मग मी रोज शाळेतून येऊन तुझ्याकडे बघायचो. तू भाजी चिरत असायचीस. मला वाटायचं, हिला कशाची भीतीच वाटत नाही, म्हणजे जे काय बिघडलंय ते माझ्यातच. या घरात घाबरणारा मी एकटाच."

फूटपट्टीने खुर्ची ओढली आणि बसली. तिचे हात टेबलावर होते आणि ते थरथरत होते, चांगले दिसण्याइतके. तिने ते मांडीवर घेतले नाहीत. लेकराने ते पाहिले.

"तुला कशाची भीती वाटते?" तिने विचारलं.

लेकराने माझ्याकडे पाहिलं. एवढं मात्र मलाही कळतं. मी उठले, पेला ओट्यावर ठेवला, चपला दोन्ही पायांत आहेत ना ते पाहिलं आणि बाहेरच्या दाराशी आले. मग लेकराचा आवाज आला.

"तू ऐकून रागावणार नाहीस ना? रडणार नाहीस ना?"

"माहीत नाही," फूटपट्टी म्हणाली. "पण सांग."

मी बाहेरून दार ओढून घेतलं.